घरात माणसं किती?

त्याला सगळे कवळीवाला म्हणायचे आणि त्याचं त्यालाही काही वाटत नसे. दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून उभं आयुष्य त्याने लोकांचे दात घडवण्यात घालवलं होतं. स्वतःचं लग्न मात्र पंचेचाळिशी उलटली तरी जमेना. जमलं तेही दुसऱ्या देशातल्या बाईशी. ती कपडे शिवायची, कमी बोलायची आणि बोलली की पटकन हसायची. लग्न तिकडेच झालं. पण लग्न झालं म्हणजे बायको घरी आली असं थोडंच असतं? तिला व्हिसा हवा, व्हिसासाठी मुलाखत हवी, आणि मुलाखतीला जाताना तिच्या हातात नवऱ्याची लेखी हमी हवी, की हिला मी पोसेन. त्या हमीमागे पगारपत्र, बँकेचा उतारा, कराच्या पावत्या, घरमालकिणीचं पत्र. कागद गोळा करता करता बिचाऱ्याच्या नाकीनऊ आले.

नियम तसा सरळ होता. घरात जितकी माणसं, तितक्यांना पुरेल एवढा पगार. तो आणि बायको, अशा दोघांना त्याचा पगार जेमतेम पुरत होता. तिसरं माणूस निघालं तर मात्र कमी पडत होता, आणि मग दुसऱ्या कोणाला तरी जामीन राहायला लागणार होतं.

आता तिसरं कोणी नव्हतंच. पण गडबड अशी, की बायकोच्या हिशेबी होतं.

लग्न ठरलं तेव्हा आई होती. लग्नाच्या तोंडावर ती गेली. सांगितलं तर लग्न पुढे ढकलतील, आणि या वयात पुढे ढकललेलं लग्न मोडल्यातच जमा, असं त्याच्या मनाने घेतलं. ‘आईला प्रवास झेपणार नाही’ असं सांगून तो एकटाच तिकडे गेला आणि लग्न करून आला. पुढे फोनवर बायको विचारायची, “आई कशा आहेत?” हा म्हणायचा, “बऱ्या आहेत.” आज सांगू, उद्या सांगू करत ते तसंच राहिलं. वाईट माणूस नव्हता हो, भित्रा होता.

शेवटी शेवटी आईचे सगळे दात पडले होते. तिला त्याची फार लाज वाटायची, चारचौघांत तोंडावर हात धरून बसायची. म्हणून त्याने तिच्यासाठी कवळी करायला घेतली. रोज घासून गुळगुळीत करायचा, आणि ती रोज विचारायची, “टोचणार नाही ना रे?” बसवून बघायचं ठरलं त्याच्या आदल्याच दिवशी ती गेली. कवळी तिच्या तोंडात एकदाही गेली नाही. टाकून द्यायचा त्याला धीर होईना. पुढे बायकोसाठी त्याने थोडं मोठं घर भाड्याने घेतलं, तेव्हा कवळीही काचेच्या पेल्यातून नव्या घरी आली. तो फोनवर बोलायला बसायचा, त्या टेबलासमोरच्या फळीवर पेला ठेवला. कवळी कोरडी पडली की बिघडते, म्हणून पाणी घालायचं. कोणासाठी, हे त्याने स्वतःला कधी विचारलं नाही.

घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची. तिने पत्र लिहून दिलं. त्यात लिहिलं होतं, राहणारी माणसं तीन.

“काकू, तीन नाही, दोन,” तो हसत म्हणाला. “मी आणि यायची आहे ती.”

“आणि आई?”

“कोणाची आई?”

“घ्या! बायको यायच्या आतच आईला विसरलात?” काकूंनी चष्मा वर केला. “तुम्ही कामावर गेलात की खिडकीशी बसतात. बोलत नाहीत, पण मी हात केला की मान हलवतात. सारखा तोंडावर हात असतो, दात दुखतात का त्यांचे?”

या गल्लीत त्याने आईचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

“दोन लिहून द्या, काकू,” तो कसाबसा म्हणाला.

“मी खोटं लिहून देणार नाही. उद्या चौकशीला कोणी आलं आणि त्या खिडकीत दिसल्या, तर मी काय सांगू?”

तो वर आला. दोन्ही खोल्या बघितल्या, मोरी बघितली, दाराची मागची बाजूसुद्धा बघितली. कोणी नव्हतं. खिडकीशी खुर्ची होती, ती त्याने तिथे ठेवली होती की नव्हती ते आठवेना. फळीवरच्या पेल्यात पाणी काठोकाठ होतं, स्वच्छ. कागदांच्या धावपळीत त्याने कित्येक दिवस पेल्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने दवाखान्याच्या मालकाकडे जामिनाचा विषय काढला. मालक तिरसट माणूस. आईला स्मशानात पोचवायला तोही आला होता. “तिसरं कोण रे?” एवढंच त्याने विचारलं. कवळीवाल्याने नुसता कागद पुढे सरकवला. मालकाने त्याच्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं आणि न वाचता सही ठोकली. “लागलं तर लाव, नाहीतर फाडून टाक. मला काही सांगू नकोस.”

रविवारी दुपारी सगळे कागद टेबलावर मांडून तो बसला; काकूंचं पत्र तेवढं बाजूला ठेवलं होतं. आज ते बायकोला पाठवायचे होते, परवा तिची मुलाखत होती. तिथे पहिल्या झटक्यात विचारणार, घरात माणसं किती? ती तीन म्हणेल, हमीवर तो दोन लिहिणार, आणि खोटारडी ठरून ती तिकडेच राहील. तेव्हा आज सांगायचंच. ती चिडली तर चिडू दे, तिच्या तोंडून खोटं जायला नको. मालकाचं जामीनपत्र फाडायला त्याने हातात घेतलं आणि फोन लावला. पडद्यावर बायको दिसली.

“ऐक,” तो म्हणाला. “मी तुझ्याशी खोटं बोललो. आई नाहीये. लग्नाआधीच गेली. मला भीती वाटली गं, तू नाही म्हणशील म्हणून.”

बायकोचा चेहरा उतरला. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

“ही कसली थट्टा? त्या ऐकतायत ना.”

“कोण?”

“अहो, असं काय करता? नव्या घरात आल्यापासून रोज तुमच्या मागे बसतात. मी त्यांना हात करते, त्या मान हलवतात. एरवी तोंडावर हात असतो, आज पहिल्यांदाच बाजूला केला.” आणि ती त्याच्या खांद्यावरून मागे बघून हसली. “हसतायत बघा. या वयात काय सुरेख दात आहेत हो त्यांचे.”

त्याने मागे बघितलं नाही. समोर फळी होती. फळीवर पेला होता. पेल्यात नुसतं पाणी होतं.

हातातलं जामीनपत्र त्याने हळूच इतर कागदांवर ठेवलं, काकूंचं पत्रही.

“मुलाखतीत विचारलं तर तीन सांग,” तो बायकोला म्हणाला.

मग मान न वळवता, कितीतरी दिवस तोंडात अडकून राहिलेलं त्याने विचारलं, “टोचत नाही ना गं, आई?”