रांगेतले गृहस्थ

रांग ही संस्कृतीची पहिली पायरी आहे. अमरावतीच्या बसस्थानकात त्या पायरीवर एकच गृहस्थ उभे होते. सार्वजनिक वाहतुकीच्या नियोजनात त्यांची हयात गेली होती आणि त्याबद्दल दुपारी अकोल्यात त्यांचा सत्कार होता. अकोल्याच्या दोन गाड्या त्यांच्या डोळ्यांदेखत भरून गेल्या. ते टाय सैल करत, पुन्हा आवळत. त्यांच्या चुळबुळीनं मलाही स्वस्थ बसवेना.

"काका, काहून वाट पाहून रायले? टाका ना रुमाल खिडकीतून!" संत्रेवाली म्हणाली.

"बाई, रांगेचे हे कठडे मीच बसवून घेतलेत."

"बरं झालं, टेकायले कामी आले."

पुढची गाडी फलाटाला लागताच ते धावले आणि त्यांनी खिडकीतून रुमाल फेकला. जागा मिळाली. आतून त्यांनी मला विजयी हात केला.

गाडी मोर्शीची होती.