तिसरं धुणं

हालाश गावची लेस विणणं सोडून एमोके सेगेद शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत आली आणि पहिल्याच दिवशी तिनं मला 'पिरी नेनी' म्हटलं. पंचेचाळिशीत मावशी झाले मी! तेव्हापासून ती माझ्या डोळ्यांत सलते.

आमचं काम असं. काचेच्या पट्टीवर साखरपाण्यात पेशी सोडायच्या, वीज लावायची आणि प्रकाशाचा ठिपका टाकायचा. ठिपका पडेल तिथं विजेची ओढ वाढते. जिवंत पेशी तिकडे सरकतात, मेलेल्या जागच्या हलत नाहीत. मग ठिपका अगदी हळू पुढे न्यायचा. बावीस वर्षं इथं काढूनही माझ्या निम्म्या पेशी मागे सुटतात. एमोकेच्या मात्र कोकरांसारख्या मागोमाग येतात. जळफळाट होतो माझा, खोटं कशाला बोलू?

नवं यंत्र आलं. त्यावर कायमचं कोण बसणार, हे पाहुण्यांसमोरच्या प्रयोगावरून ठरणार होतं. पहिली पाळी एमोकेची, दुसरी माझी.

पेशी खारट पाण्यात वाढतात, म्हणून आधी साखरपाण्यानं तीनदा धुवाव्या लागतात. एमोके प्रत्येक धुणं मोठ्यानं मोजते, टाके मोजावेत तसं. त्या सकाळी ती पाहुण्यांना घरी भाजलेले पोगाचा, म्हणजे छोटे खारे पाव, वाढत होती, गरम गरम.

"नेनी, माझ्या पेशी तेवढ्या धुता का?"

मी दोनदाच धुतल्या. मुद्दाम.

वीज लावताच उरलेल्या मिठानं काम केलं. पट्टीवर बुडबुडे उठले, एकही पेशी हलेना. एमोकेनं माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं.

"चूक माझी, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. "एक धुणं राहिलं."

आमचे प्रमुख डॉक्टर बार्दोश हसले. "तुझं धुणं राहील? काहीतरीच! पट्टी खराब असेल. दुसरी घे."

माझ्या हातून थेंब सांडला तरी चारचौघांत ऐकवणारा हा माणूस! आणि तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलेली चूकही याला खरी वाटेना. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"मी धुतल्या त्या!" मी ओरडले. "दोनदाच! काय होणार ते ठाऊक होतं मला!"

बार्दोशांनी मला खोलीबाहेर जायला सांगितलं. एमोके दारापर्यंत मागे आली.

"कशाला बोललात, नेनी? मी निभावून नेलं असतं."

तेच तर नको होतं मला.