शेवटच्या बाईचा हात

डहाणूत ज्या दुकानात मी फ्लेक्स छापतो, तिथे तळासरीकडची एक मुलगी कॉम्प्युटरवर चित्रं काढते. माउस ती क्वचितच हलवते. ती प्रोग्राम लिहिते आणि त्यातून माणसं, झाडं, तारपा वाजवणारा असं एकेक उमटत जातं. आम्ही बाकीचे आधी फ्लेक्सचं माप धरतो आणि चित्र त्यात कोंबतो. ती मात्र चित्र पुरं होऊ देते. मग ते डावीकडे, उजवीकडे, वर, खाली कुठवर पोचलंय, त्या टोकांचे आकडे प्रोग्रामकडून काढून घेते. "दादा, आधी चित्रालाच विचारू ना," हे तिचं ठरलेलं. कामाच्या गर्दीत मला याचा वैताग यायचा.

परवा झरी गावातल्या एका लग्नाचा फ्लेक्स होता. नवऱ्यामुलाचा काका दारात मोटरसायकल चालू ठेवूनच उभा होता. आकडे आले तेव्हा कळलं, तारपा नाचातल्या शेवटच्या बाईचा मोकळा हात फ्लेक्सच्या कडेच्या जरासा बाहेर जातोय.

मी म्हटलं, "बोटंच कापली जातील. कोण बघतंय?"

"तोच हात धरून पुढचा माणूस नाचात येतो," ती म्हणाली.

काकाने मोटरसायकल बंद केली आणि तो आत येऊन बसला.

तिने उजव्या टोकाच्या आकड्यात थोडी भर घातली आणि त्या हिशोबाने सगळं चित्र लहान केलं. हात आत आला. त्याच्यापुढे एका माणसापुरती कोरी जागा राहिली होती.