गुडघा माझा, पाळी भावाची

आपल्या गुडघ्याचं काय करायचं ते आपण ठरवतो, असा माझा बरीच वर्षं समज होता. तो माझ्या घरच्यांनी काढून टाकला. हे बोललो की लोकांना वाटतं, म्हातारा कडवट झालाय, वाढवून सांगतोय. कडवट झालोय हे खरं आहे. वाढवून काही सांगत नाही.

भोसरीच्या अलीकडे आमचं गाव. आमचं माळरान आणि विहिरीखालचा तुकडा, दोन्ही कारखान्यांच्या वसाहतीत गेले. ज्या कंपनीचं कुंपण आमच्या विहिरीवरून गेलं, तिनं जमीन गेलेल्या घरांना घरटी एक नोकरी दिली. आम्ही दोघे भाऊ. धाकटा तेव्हा शाळेत होता, म्हणून मी लागलो. प्रेस शॉपमध्ये. पत्रा साच्यात सरकवायचा, उजव्या पायानं पायडल दाबायचं, निघालेला तुकडा उचलायचा आणि वळून टोपलीत टाकायचा. सगळं अंग डाव्या पायावर आणि वळायचंही त्याच्यावरच. शिफ्ट संपेपर्यंत हेच. ओव्हरटाइम असला की आणखी तेच.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी एकदा वळताना गुडघ्यात कट्कन वाजलं आणि मी त्या टोपलीवरच बसलो. संध्याकाळपर्यंत गुडघा टरटरून सुजला. पुढे सूज बरीचशी उतरली, पण गुडघा पूर्वीचा राहिला नाही. चालता चालता मध्येच दगा द्यायचा. उतार लागला की अडून बसायचा. सायकलवरून उतरण्याआधी मी रस्त्यावर कुणी ओळखीचं नाही ना, ते पाहून घ्यायचो. धडधाकट वयात लोकांनी कीव केलेली मला सोसत नसे. अजूनही सोसत नाही.

कामगारांच्या दवाखान्यात दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या. हाडांचे सर्जन घाईत होते. म्हणाले, "गुडघ्यातली गादी फाटली असणार. उघडून काढून टाकू."

"मग पाय पहिल्यासारखा होईल?" मी विचारलं.

"दुखणं जाईल. किती वाकेल ते आत्ता सांगता येणार नाही. उभ्याचं काम मात्र विसरा."

पलीकडच्या खोलीत फिजिओथेरपी शिकून आलेल्या एक बाई होत्या. त्यांनी गुडघा वाकवून, फिरवून बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "गादी खरंच फाटलीय की नाही, हे उघडल्याशिवाय त्यांनाही कळायचं नाही. तुमची ही मांडी बघा, किती वाळलीय. ती आधी भरू दे. काही महिने नेमानं शेक घ्या, व्यायाम करा. नाहीच जमलं तर ऑपरेशन कुठे पळून जातंय?"

सर्जनना मी हे सांगितलं. त्यांची ना नव्हती. काय ते ठरवा आणि सांगा, एवढंच म्हणाले. तोवर फोरमननं मला तात्पुरतं तयार माल तपासायच्या टेबलावर, बसून करायच्या कामाला लावलं होतं. म्हणजे घाई कुणालाच नव्हती. निदान कंपनीत तरी नव्हती.

पण आमच्या कंपनीत एक रीत होती. जमीन दिलेल्या घरातला माणूस कामाला निकामी ठरला, तर त्याच्या जागी त्याच घरातला दुसरा घेत. लेखी होती की तोंडी, मला माहीत नाही, पण गावात तसं झालेलं होतं. ऑपरेशन केलं तर मी निकामी ठरणार आणि धाकट्याला जागा मिळणार. व्यायामानं बरा झालो तर मीच परत मशीनवर उभा राहणार. घरात हे समजायला एक संध्याकाळ पुरली.

वडलांना आम्ही आबा म्हणायचो. ते सुपारी कातरत म्हणाले, "ती नोकरी जमिनीची हाय, तुझी न्हाई. जमीन सामाईक व्हती. आपली हीर आठव. चार दिस आपली मोट, चार दिस चुलत्यांची. पाळी सरली की दुसऱ्यानं पानी घ्यायचं. तू मोप वरसं पानी घेतलंस."

"आबा, पगार घरातच आलाय. मी एकट्यानं न्हाई प्यालो. आन् हिरीच्या पाळीत कुनाचा पाय जात न्हाई."

"त्येच सांगतोय. तुझा पाय गेलाय. आता आपरेशन करून घे आन् धाकल्याला पाळी दे."

मला त्यांचा भयंकर राग आला, पण ते लबाडीनं बोलत नव्हते. विहिरीच्या पाळीवरून आमच्या भावकीत कधी भांडण झालं नव्हतं. पाळी मोडणाऱ्याच्या दारात गाव पाणी पीत नसे. आबांनी जन्मभर जे न्यायाचं मानलं, तेच माझ्या गुडघ्याला लावलं. विहीर उपसली तरी पुन्हा भरते आणि गुडघ्यातली गादी काढली की गेली, हा फरक त्यांना दिसत नव्हता. मी सांगूनही दिसला नाही.

धाकटा मॅट्रिकला आपटून घरी बसला होता. मन लागलं तर दिघीच्या रस्त्यावर एका मुसलमान मेकॅनिकच्या गॅरेजात जायचा. तो मेकॅनिक त्याला जीव लावून शिकवायचा, पण याचं लक्ष आमच्या कंपनीच्या भोंग्याकडे. माझा गुडघा गेला आणि त्याला माझा फार कळवळा आला. सायकलवर डबलसीट दवाखान्यात न्यायचा, पण सर्जनकडे जायचं असेल त्या दिवशी. व्यायामाच्या दिवशी त्याला कुठलं तरी काम निघायचं. "दादा, कसं हाय?" असं रोज विचारायचा. बरं आहे म्हटलं की त्याचं तोंड उतरायचं. दुखतंय म्हटलं की तेलाची वाटी घेऊन हजर. इतकं कौतुक माझं लग्नातही झालं नव्हतं.

बाईंनी घोट्याला बांधायला वाळूची पिशवी दिली होती. खाटेच्या कडेला बसायचं, पाय सरळ उचलायचा, धरायचा, हळू खाली सोडायचा. मी सुरू केलं की आबा उठून बाहेर जायचे. आई म्हणायची, "कशाला उगा जिवाला तरास करून घेतोस?" बायको गप्प. एकदा मी तिच्यावरच डाफरलो. ती म्हणाली, "म्या काय बोलू? तुमची बाजू घेतली तर म्हनतील, हिनंच कान भरलं." खरंच होतं ते. तसं म्हणायला दोघी-तिघी टपलेल्याच होत्या.

त्यात व्यायामानं सुरुवातीला काही फरक पडेना. मांडी तेवढी भरून दुखायची आणि गुडघा होता तसाच. रोज सगळ्यांची फुगलेली तोंडं बघत जेवायचं, त्यापेक्षा एकदाची ती गादी काढून टाकावी, पाय ताठ झाला तर झाला, असं मनात यायला लागलं. शेवटी मी कंटाळलो आणि सर्जनना हो म्हणून आलो. दिवाळीनंतरची तारीख मिळाली. घरी सांगितलं, तर आईनं रवा भाजायला घेतला. माझा गुडघा चिरायचं ठरलं आणि घरात शिरा झाला. मीही तो खाल्ला.

दिवाळीच्या तोंडावर धाकट्याला रहाटणीकडचं एक स्थळ आलं. मुलीचे वडील आणि मामा पोरगा बघायला आले. पोहे झाले, चहा झाला. मामा चौकस होता. म्हणाला, "पोरगा कंपनीत लागतोय म्हनता. पर कवा?"

"थोरल्याचं आपरेशन झालं की," आबा म्हणाले.

"असं समदेच सांगत्यात, राव."

आबांना ते लागलं. ते माझ्याकडे वळले. "दाखव रं गुडघा."

मी लेंगा वर केला. पाहुण्यांपुढे बापाला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मामा पुढे सरकला आणि चाकणच्या बाजारात बैलाचा खूर बघावा तसा त्यानं माझा गुडघा दाबून बघितला. "सूज हाय खरी," तो मेव्हण्याला म्हणाला. मुलीचे वडील भले दिसत होते. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं, पण पोरीच्या बापाला विचारावंच लागतं. ते म्हणाले, "पर आपरेशन झाल्यावर ह्ये चांगले बरेच झाले तर?"

"न्हाई व्हायचा," आबा म्हणाले. "त्येची काळजी सोडा. मी शब्द देतो."

माझा बाप परक्या माणसांना माझ्या लंगडेपणाची हमी देत होता, आणि ती माणसं समाधानानं माना हलवत होती. धाकटा दाराशी उभा होता. त्याचे कान लाल झालेले मला दिसले. त्या वेळी तो एक शब्द जरी बोलला असता, "ऱ्हाऊ द्या आबा" एवढं जरी म्हणाला असता, तरी मी त्याच्यासाठी दोन्ही गुडघे चिरून घेतले असते. तो खाली बघत राहिला.

मी लेंगा खाली सोडला. "आपरेशन मी करनार न्हाई," असं म्हणालो आणि उठून बाहेर गेलो. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन तारीख रद्द करून आलो.

त्यानंतर घरात जे सुरू झालं, त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडण असतं तर मी भांडलो असतो, त्यात मी कुणाला हार गेलो नसतो. आबा माझ्याशी बोलायचे बंद झाले. शेकाचं पाणी तापवायला चुलीवर जागा मिळेना. वाळूची पिशवी एक दिवस नाहीशी झाली आणि ती कुणीच पाहिली नव्हती. मग मी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत तपासणीच्या टेबलाखाली पत्र्याच्या तुकड्यांची पिशवी घोट्याला बांधून पाय उचलायला लागलो. पोरं चिडवायची, "राव, फुटबॉल खेळायचाय काय आता?" चिडवू देत. त्यांच्या चेष्टेत मला बरं वाटायचं, कारण मी बरा झालो तर त्यांचं काही जाणार नव्हतं. पाहुण्यांनी मात्र अजून नकार कळवला नव्हता. आबांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, "येईल ठिकानावर. दुखायला लागलं की सोताच जाईल."

उन्हाळ्यात फरक दिसायला लागला. मांडी भरली. गुडघा अडायचा थांबला. पावसाळा संपता संपता बाईंनी मला खोलीभर चालायला लावलं, उकिडवं बसवलं, उठवलं आणि म्हणाल्या, "जा आता, परत इकडे दिसू नका." कंपनीच्या डॉक्टरांनी तपासून उभ्याच्या कामाला हरकत नाही म्हणून सांगितलं. फोरमननं दुसरं, जरा हलकं मशीन दिलं. मी सायकल दामटत घरी आलो. ही बातमी सांगावी असं माणूस घरात कुणी नाही, हे दार दिसेपर्यंत माझ्या ध्यानात नव्हतं.

सगळे जेवायला बसले होते. दुखणं लागल्यापासून मी एका खोक्यावर बसून जेवायचो. त्या दिवशी खोकं पायानं बाजूला सारलं आणि खाली बसून मांडी घातली. जरा ओढ बसली, पण मांडी पुरती घालता आली. मला हसू फुटलं. मान वर केली तर कुणाचाच हात चालत नव्हता. आबा माझ्या गुडघ्याकडे बघत होते. धाकट्यानं अर्ध्या ताटावर हात धुतला आणि तो बाहेर निघून गेला.

आईनं माझ्या ताटात भाकरी वाढली. तिचे डोळे भरून आले होते. चला, निदान हिला तरी आनंद झाला, असं मला वाटलं आणि मलाही भरून आलं. ती वाकून माझ्यापुरतं हळूच म्हणाली, "बरा झालास त्ये झालास. पर धाकल्याचं लगीन हुईस्तवर थांबला असतास, तर काय बिघडलं असतं रं?"