दाराआडचं पेटंट

आमच्या कॉलेजच्या सभागृहात इथंच शिकलेल्या एका संशोधकाची दोन पेटंट चौकटीत लावली आहेत. एक जमिनीत पुरलेले सुरुंग आवाजाच्या लहरींनी शोधणाऱ्या यंत्राचं. दुसरं त्याच लहरींनी छातीत साचलेलं पाणी ओळखणाऱ्या यंत्राचं. आज शिपाईमामांनी पहिल्याला झेंडूचा हार घातला. दुसरं भिंतीला टेकलेल्या उघड्या दाराआड गेलं होतं.

"मामा, त्याला हार नाही?"

"अगं, पाहुणे फौजेतले आहेत. छातीचं यंत्र बघायला कोण येतंय?"

आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. यातलं मला फारसं कळत नसेलही. सैनिकाचा पाय वाचलाच पाहिजे. पण दोन्ही यंत्रं एकाच माणसाच्या डोक्यातून निघाली. मग एक थेट सरहद्दीवर पोचतं आणि दुसरं आमच्या तालुक्यापर्यंतही येत नाही, हे कसं? गेल्या महिन्यात आईला धाप लागली, तेव्हा सरकारी दवाखान्याच्या दारातच सांगितलं, "इथं मशीन नाही, जिल्ह्याला न्या." आई अजून उशाला दोन उशा घेऊन, बसूनच झोपते. जमिनीच्या पोटातलं ऐकू येतं, माझ्या आईच्या छातीतलं कुणाला ऐकायचं नाही.

मी दार लोटून घेतलं. दुसरी चौकट दिसू लागली.

"अगं ए, पाहुणे येतायत! दार उघड!"

"ढकलून येतील की, मामा," मी म्हटलं. "माझी आई दारातूनच परत आलीय."