गोडं पाणी

मुलगी समुद्रात डायव्हिंग करून आली, की तिचं हवेचं जॅकेट मी धुतो. आतल्या पिशवीत गोडं पाणी भरायचं, खळखळून ओतून टाकायचं, मग थोडी हवा भरून सावलीत टांगायचं.

"बाबा, पुरे! झिजेल ते," ती हसते.

गेल्या हंगामात मी कंटाळून ते फक्त वरून धुतलं होतं. आत साठलेल्या मिठानं हवा भरायचं बटण अडकलं, जॅकेट फुगतच गेलं आणि ती खोलातून भसकन वर फेकली गेली. असं एकदम वर येणं जिवावर बेतू शकतं; ती वाचली. "जॅकेट जुनं झालं होतं गं," असं मी तिला सांगितलं.

उद्या ती पुन्हा उतरणार आहे. जॅकेटमधून ठिबकणारा थेंब मी जिभेवर घेतो. गोडा लागतो. तरी मी पुन्हा पाणी भरतो. तिला खरं सांगण्यापेक्षा ते सोपं आहे.