हाताला गार लागलेलं इंजिन

टिटवाळ्याच्या काळुराम म्हात्र्यांनी तीस वर्षं बुलडोझर चालवला. आता ते घरीच असतात, पण जुनं मशीन घ्यायचं असलं की लोक अजून त्यांनाच ते बघायला नेतात. मीही त्यांना एक जुना बुलडोझर बघायला विठ्ठलवाडीला नेलेलं. विकणारा मितेश त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

काका आधी इंजिनावर तळहात ठेवतात. गरम लागलं की सरळ मागे फिरतात. झिजलेलं इंजिन थंड असलं की चालू व्हायला रडतं, म्हणून विकणारे गिऱ्हाईक यायच्या आधीच ते तापवून ठेवतात. मितेशचं इंजिन गार होतं. काकांचा चेहरा खुलला. "माझ्याकडे शिकलाय," मला म्हणाले.

मग सवयीने त्यांनी ऑइलची पट्टी उपसून बोट लावलं. तेल चांगलंच गरम होतं. त्यांनी वाकून पाहिलं, तर इंजिनाखालची तेवढीच माती ओली. पठ्ठ्याने इंजिन तापवून वरून पाणी मारलेलं!

"काका, तुम्हाला नव्हतं फसवायचं," मितेश पुटपुटला. "गिऱ्हाइकासाठी केलं."

"गिऱ्हाईक इंजिनाला हात लावतं का रे? हात मी लावतो. हे पाणी तू माझ्या हातासाठी मारलंस."